शिक्षणाचे कोटी आणि 'अक्षरी रुपये'चा रकाना

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प येतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात शिक्षणाची वेगळी चौकट असते. 2024-25 साठी 3,497 कोटी, 2025-26 साठी 3,955 कोटी. खाली टॅब, डिजिटल वर्ग, सीबीएसईच्या शाळा, मुलांना मोफत मिळणाऱ्या 27 वस्तू. ती चौकट मी दरवर्षी नीट वाचते, कारण माझी सगळी नोकरीच आकड्यांत गेली. टपाल खात्यात बचत बँकेच्या काउंटरवर होते, पूर्व उपनगरांतल्या वेगवेगळ्या पोस्टांत. मला हवा असलेला आकडा त्या चौकटीत अजून सापडलेला नाही. यंदा तिसरी संपवणाऱ्या किती मुलांना आपल्या माध्यमाच्या भाषेतला एक साधा परिच्छेद न अडखळता वाचता येतो?

शिक्षणावर लिहिणारी ही पोस्टातली बाई कोण, असं एखाद्या वाचकाला वाटेल. वाटू द्या. साक्षर किती आहेत हे जनगणनेवाल्यांना दहा वर्षांतून एकदा कळतं, आणि 2011 नंतर तेही नाही. आम्हाला ते रोज सकाळी खिडकी उघडली की कळायचं.

पैसे काढायचा फॉर्म छोटासा असतो. खातेक्रमांक, रक्कम आकड्यांत, रक्कम अक्षरी, सही. आकडे बहुतेकांना येतात. भाजीवालीला, बिगाऱ्याला, धुणीभांडी करणाऱ्या मावशींना आकडे शिकवायला कुणी लागत नाही. आकडा चुकला तर फटका कुणाला बसतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. गाडी अडते ती 'अक्षरी रुपये' या रकान्यापाशी. तिथे माणूस थबकतो, रांगेत मागे कोण आहे ते बघतो, पेन माझ्याकडे सरकवतो आणि म्हणतो, "मॅडम, तेवढं लिहून द्या ना, चष्मा घरी राहिला." चष्मा घरी राहिलेली माणसं मुंबईत किती, याची एकदा मोजदाद व्हायला हवी. पंचविशीतल्या पोरांचेही चष्मे घरी राहतात.

सह्यांची तऱ्हा आणखी निराळी. नव्वदच्या दशकात साक्षरता मोहिमा जोरात होत्या, पुढे बचत गट आले. गटाच्या व्यवहाराला सही लागते म्हणून कितीतरी बायका सही शिकल्या. पोस्टात येऊन ऐटीत सांगायच्या, आता अंगठा नको, सही करते. आम्ही नमुना सही घ्यायचो, मलाही बरं वाटायचं. अडचण यायची काही महिन्यांनी. ज्या हातात पेन रोज येत नाही, त्या हाताची सही दर वेळी वेगळी उमटते. कधी उकार ऱ्हस्व, कधी दीर्घ, कधी आडनावातलं एक अक्षरच गायब. नमुन्याशी जुळली नाही की फॉर्म परत करावा लागतो. नियम तिच्याच पैशांच्या राखणीसाठी आहे, त्याला इलाज नाही. दोन खेपा फुकट गेल्या की ती बाई स्वतःच म्हणायची, "अंगठाच घ्या मॅडम, तो तरी बदलत नाही." मग अंगठ्याला लागणारा ओळखीचा साक्षीदारही तीच कुठून तरी धरून आणायची. सरकारी मोहिमेच्या वहीत ती साक्षर झालेली होती, आमच्या खात्यावर तिचा पुन्हा अंगठा.

हे मागे घसरणं आजचं नाही. मार्च 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले, तेव्हा त्यांनी हेच आकड्यांत मांडलं होतं. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या 100 मुलांपैकी चौथीपर्यंत 18 पोहोचतात आणि उरलेली 82 पुन्हा निरक्षर होतात. दारूवरच्या अबकारी करातून सरकार लोकांकडून जेवढं घेतं, तेवढं तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करावं, ही त्यांची मागणी होती. त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी, 1882 मध्ये, जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला सांगितलं होतं की शेतकऱ्याकडून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शाळा उपाशी राहतात. तेव्हा खर्च किती याइतकाच तो कुणावर आणि कुठल्या इयत्तेवर, हा प्रश्नही आपल्याकडे चांगला जुना आहे. त्याचं उत्तर देण्याची घाई मात्र कुणाला दिसत नाही.

आता मुलं पूर्वीसारखी चौथीच्या आत गळत नाहीत, हे खरं. मूल पहिलीत जातं, आठवीपर्यंत सरकतं, दुपारची खिचडी खातं, हजेरीपटावर त्याचं नाव असतं. 1951 च्या जनगणनेत देशात 18.33 टक्के लोक साक्षर होते, बायकांमध्ये तर 8.86 टक्के. 2011 मध्ये देशाचा आकडा 74 टक्क्यांच्या आसपास आला, महाराष्ट्राचा 82 च्या वर गेला. ही काही लहानसहान गोष्ट नाही. माझ्या आजीला पत्र वाचून दाखवायला शेजारची मुलगी लागायची. तिच्या पिढीत ते सगळीकडेच तसं होतं.

पण नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत काउंटरपलीकडे जे दिसायचं, ते या टक्क्यांत कुठे बसवायचं हे मला कळत नसे. आई मुलीला घेऊन यायची. मुलगी सहावीत, सातवीत. आई कौतुकाने सांगायची, "ही भरेल फॉर्म, शाळेत जाते." मुलगी आईचं आधार कार्ड समोर ठेवायची आणि त्यावरचं नाव चित्र काढावं तसं उतरवायची. अक्षर सुरेख, माझ्याहून चांगलं. मग यायचा तो अक्षरी रकाना. समजा रक्कम पंधराशे. "लिही ना बाळा, पंधराशे रुपये." ती 'पं' काढायची आणि थांबायची. समोर कुठे लिहिलेलं नाही, मग उतरवायचं कुठून? एकदा अशाच एका मुलीची वही मी मागून बघितली. पानंच्या पानं भरलेली, शुद्ध, प्रत्येक धड्याखाली लाल शाईत शेरा 'छान'. सगळं फळ्यावरून घेतलेलं. फळ्यावर नसलेला शब्द स्वतःच्या मनाने लिहायची वेळ सहा वर्षांत तिच्यावर कुणी आणलीच नसावी.

ती कुठल्या शाळेत होती हे लिहीत नाही, शाळा खासगी होती की सरकारी हेही नाही. खासगी शाळेतली मुलंही काउंटरवर यायची, इंग्रजी माध्यमाची टाय लावलेली. त्यांना मराठीत लिहिता येत नसे म्हणून मी म्हणायचे, बरं, इंग्रजीत लिही. तेही येत नसे. आईबाप फीसाठी आर.डी., म्हणजे दरमहा थोडे थोडे भरून साठवलेली ठेव, मोडायला आलेले असायचे, हा त्यातला आणखी एक भाग.

गावांपुरतं तरी हे कुणीतरी मोजतं. 'प्रथम' ही संस्था नव्वदच्या दशकात मुंबईच्याच वस्त्यांतून कामाला लागली. तिच्या पुढाकाराने निघणाऱ्या 'असर' अहवालासाठी स्वयंसेवक घरोघर जातात, मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देतात आणि म्हणतात, वाच. परीक्षा एवढीच. 2024 च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या 27.1 टक्के मुलांना तो उतारा वाचता आला, पाचवीतल्या 48.8 टक्के मुलांना. पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचं वाचता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. दिलासा म्हणाल तर 2022 मध्ये तिसरीचा आकडा 20.5 होता, म्हणजे करोनानंतर गाडी पुन्हा वर चढते आहे. पण ही पाहणी गावांची. गोवंडी, मालवणी, धारावी, आमची विक्रोळी त्यात येत नाही. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या मुलाला वाचता येतं का, हे असं घरोघर जाऊन विचारणारं कुणी नाही.

पैसा कमी पडतो का? पडतो. कोठारी आयोगाने 1966 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के रक्कम शिक्षणावर जावी असं सांगितलं. 1968 च्या धोरणाने ते मान्य केलं. 1986 च्या धोरणाने पुन्हा मान्य केलं. 2020 च्या धोरणाने लवकरात लवकर तिथे पोहोचू असं म्हटलं आणि त्याच पानावर 2017-18 च्या हिशेबाने केंद्र आणि राज्यं मिळून 4.43 टक्के खर्च करतात हेही लिहिलं. हे 6 टक्के मी नोकरीला लागण्याआधीपासून ऐकते आहे, निवृत्त होऊन पेन्शन सुरू झाली तरी ते येतातच आहेत.

टक्के वाढले की मुलं वाचू लागतील असंही नाही. श्रीलंकेत 1945 पासून बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत शिक्षण मोफत केलं गेलं. आज तो देश उत्पन्नाच्या प्रमाणात आपल्यापेक्षा कमी खर्च करतो, तरी तिथे शंभरातल्या नव्वदहून अधिक माणसांना लिहितावाचता येतं. त्यांनी सुरुवात लवकर केली आणि खालपासून केली. आपण आधी वरचे मजले उभारले.

शिक्षणाच्या नावाने जो पैसा वेगळा काढला जातो, त्याच्याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यात माझाही वाटा आहे. 2004 मध्ये केंद्राने करांवर 2 टक्के शिक्षण उपकर बसवला. 2007 मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी 1 टक्का. 2018 पासून दोन्ही मिळून 'आरोग्य व शिक्षण उपकर' झाला, 4 टक्क्यांचा. माझ्या पेन्शनच्या फॉर्म 16 मध्ये, म्हणजे कर कापल्याच्या दाखल्यात, त्याची ओळ वेगळी असते. पहिल्या 2 टक्क्यांसाठी प्रारंभिक शिक्षा कोष नावाचा स्वतंत्र कोष निघाला. नंतरच्या 1 टक्क्यासाठी कोषच उघडला गेला नाही. सुमारे दहा वर्षांत त्याचे 83 हजार कोटींहून अधिक रुपये जमले आणि ते ज्यासाठी घेतले त्याच्यावर किती गेले हे दाखवणारं खातंच नव्हतं, असं सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2017 मध्ये सांगितलं. कोषाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली तीही 2017 मध्ये. पैसे कुणी खाल्ले असं मी म्हणत नाही. ते सरकारच्या एकत्रित निधीतच होते. पण आमच्या पोस्टात संध्याकाळी दहा रुपयांचा फरक आला तर सगळा स्टाफ बसून राहायचा, पोस्टमास्तर चहा मागवायचे आणि आम्ही एकेक व्हाउचर पुन्हा काढून तपासायचो. त्यामुळे 83 हजार कोटी 'कुठे तरी आहेतच' हे वाक्य माझ्या पचनी पडत नाही. शिवाय उपकराचा पैसा राज्यांमध्ये वाटला जात नाही आणि शाळेतल्या शिक्षकाचा पगार बहुतांशी राज्य देतं. आता आरोग्य आणि शिक्षण एकाच ओळीत आल्यामुळे माझ्या 4 टक्क्यांतले शाळेला किती आणि दवाखान्याला किती, हे फॉर्म 16 बघून मला तरी कळत नाही.

महापालिकेकडे परत येते. 2025-26 चा एकूण अर्थसंकल्प 74,427 कोटींचा. त्यात शिक्षणाचे 3,955 कोटी, म्हणजे शंभर रुपयांतले साधारण सव्वापाच. मोठ्या घरांच्या मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण उपकराची ओळ वेगळी छापलेली असते. आमच्याकडे कन्नमवार नगरात घरं 500 चौरस फुटांच्या आतली, त्यामुळे 2022 पासून तो कर माफ आहे. हे मुद्दाम सांगते, म्हणजे कुणाच्या पैशांवर मी बोलते आहे ते लपून राहू नये. हा अर्थसंकल्प मांडला गेला तेव्हा सभागृहात नगरसेवक नव्हते, शिक्षण समितीही नव्हती. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकांकडे होता. प्रशासनानेच मांडला, प्रशासनानेच मंजूर केला. नगरसेवक असते तर वाचनाबद्दल प्रश्न आला असता का? खात्री नाही. निदान कुणीतरी उभं राहून विचारण्याची सोय तरी होती.

27 वस्तूंची मी थट्टा करणार नाही. दोन मुलं आहेत आणि बाप रोज सकाळी नाक्यावर कामासाठी उभा राहतो, अशा घरात जूनमध्ये बूट, छत्री, दप्तर फुकट येणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. पासबुकात किमान शिल्लक तेवढी ठेवून बाकी सगळं काढून नेणाऱ्या बायका मी दर जूनमध्ये पाहिल्या आहेत. आठ भाषांतून शाळा चालवणारी दुसरी महापालिका मला तरी माहीत नाही, त्याचंही कौतुक आहे. प्रश्न टॅबचा. 2015 पासून आपण आठवीच्या वर्गात टॅब देऊ लागलो. तिसरीत जे वाचायला शिकायचं राहिलं, ते आठवीत टॅब कसा भरून काढणार? ज्याला वाचता येतं त्याच्या हातात टॅब चांगलाच. ज्याला येत नाही तो त्यावर व्हिडिओ बघतो. आमच्या इमारतीतली मुलं बघतात तेच मी सांगते आहे.

वाचायला शिकवतो तो माणूस. ते सहा-सात वर्षांच्या वयात, रोज, एकेका मुलाजवळ बसून करायचं काम आहे, आणि शिक्षणाच्या सगळ्या खर्चात सगळ्यात कमी झगमगाट असलेली बाब तीच. तिचा फोटो येत नाही. टॅबची खरेदी जाहीर होते. शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी राहिली तर तो पगार वाचतो आणि खर्चाच्या तक्त्यात ते शिस्तीचं लक्षणही दिसू शकतं. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलेलं आहे. तरी 2024-25 च्या सरकारी माहितीप्रमाणे देशातल्या एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. महाराष्ट्रात नवा शिक्षक आधी तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. त्याचं मानधन 2023 मध्ये 6 हजारांवरून 16 हजार झालं, प्राथमिकसाठी. मुंबईत 16 हजारांत खोलीचं भाडं देऊन माणूस काय खातो, हा हिशेब कुणी मांडून दाखवावा. आमच्या कॉलनीत टॉवर उभे राहताहेत, त्यांच्या वॉचमनचा पगार विचारून बघा.

जो शिक्षक आहे तो तरी वर्गात असतो का? त्याच शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम सांगतं की शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसऱ्या कामाला जुंपू नये. वाचायला बरं वाटतं. पण मतदार याद्या, मतदान, मतमोजणी, त्यांची प्रशिक्षणं, हे सगळं त्या तीन अपवादांतल्या एकातच मावतं. आता 2027 ची जनगणना आहे. घरोघर जाऊन कोण साक्षर, कोण निरक्षर हे लिहून घ्यायला बहुधा शिक्षकच येतील, आणि ते आमच्या दारात उभे असतील तेवढा वेळ पहिलीच्या मुलांना अ-आ-इ कोण शिकवणार? दारात मिळणारं उत्तरही मला आत्ताच सांगता येईल. घरातला एक जण सगळ्यांच्या वतीने बोलेल, "सगळ्यांना येतं लिहितावाचता." लाजेपोटी येईल, अभिमानापोटी येईल. चष्मा घरी असला तरी येईल.

मोठ्यांच्या साक्षरतेचं थोडक्यात सांगते, कारण तिथे पैसाच थोडका आहे. 2022 ते 2027 या काळासाठी केंद्राचा 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. पाच वर्षांत पाच कोटी लोकांना शिकवायचं उद्दिष्ट आणि तरतूद, केंद्र-राज्य मिळून, 1,037.90 कोटी. भागाकार करा: माणशी साधारण 208 रुपये. वर्षाला नव्हे, पाच वर्षांना मिळून. शिकवणारे स्वयंसेवक, म्हणजे बिनपगारी. स्वयंसेवकांबद्दल मला आदर आहे, पण बिनपगारी माणूस आजारी पडला, त्याची नोकरी बदलली, त्याच्या मुलीचं लग्न निघालं की वर्ग बंद पडतो, आणि सही शिकलेली बाई पुन्हा अंगठ्यावर येते.

ती बाई आजही अर्जापाशी अडते. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायचे होते तेव्हा आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर टेबल टाकून मी आणि शेजारच्या दोघीजणी बसलो होतो. रांग जिन्यापर्यंत. आलेल्या बायकांतल्या बहुतेकींना सही येत होती. अर्जासोबत हमीपत्र होतं. त्यात आपण कशाची हमी देतो आहोत हे वाचून सही करणाऱ्या अगदी थोड्या; बाकीच्या म्हणत, "ताई, काय लिहिलंय सांगा आणि कुठे करू तेवढं दाखवा." एका मावशींना मी म्हटलं, वाचा ना तुम्हीच, मोठ्या अक्षरात आहे. त्या म्हणाल्या, "अगं, अक्षरं येतात मला, वाक्य नाही येत." चौथीपर्यंत शाळा झाली होती त्यांची, साताऱ्याकडे. जनगणनेत त्या साक्षर आहेत.

मला विचाराल तर काय करावं, तर फार मोठं काही सुचवत नाही. वॉर्डातल्या प्रत्येक शाळेत, खासगी धरून, वर्षअखेर तिसरीच्या प्रत्येक मुलाला एक न पाहिलेला परिच्छेद वाचायला द्यावा आणि तीन ओळी स्वतःच्या मनाने लिहायला सांगाव्यात. ऐकायला त्या शाळेचे शिक्षक नकोत, दुसऱ्या शाळेचे असावेत. मुलाला नापास करायचं नाही, शिक्षकाला नोटीस द्यायची नाही, नाहीतर दुसऱ्या वर्षापासून परिच्छेद आधीच पाठ करून घेतला जाईल. आपले लोक त्यात हुशार आहेत. फक्त शाळेच्या फाटकावर आणि अर्थसंकल्पाच्या पुस्तकात आकडा लावायचा: इतकी मुलं बसली, इतक्यांनी वाचलं. केंद्राच्या 'निपुण भारत'चं 2021 पासूनचं उद्दिष्टही तिसरीअखेर वाचन आणि हिशेब हेच आहे, 2026-27 ची मुदत घालून. तेव्हा हे नवं ओझं नव्हे. राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली आहे, पण पाचवीत कळून फार उशीर झालेला असतो.

दुसरं, पहिली ते तिसरीच्या शिक्षकांना निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला सगळ्यात शेवटी बोलवावं. कायदा परवानगी देतो म्हणून बोलवायलाच हवं असं नाही. इतकी सरकारी, निमसरकारी कार्यालयं या शहरात आहेत; आम्ही टपालवाल्यांनीही निवडणुकीची कामं केली आहेत. आणि मुंबईला रात्रशाळांची जुनी सवय आहे, गिरणगावातले कामगार पाळी संपवून शिकायला जायचे. संध्याकाळी सहानंतर रिकाम्या असणाऱ्या वर्गखोल्यांत आठवड्यातून तीन दिवस, पगारी शिक्षक नेमून, मोठ्यांचे वर्ग चालवायला कितीसा खर्च येईल? 3,955 कोटींत तो दिसणारही नाही. त्या वर्गात सही शिकवू नये, अर्ज भरायला शिकवावं: पोस्टाचा, बँकेचा, रेशनचा, केस पेपरचा. पेन हातात रोज आलं तर सहीही आपोआप जुळेल.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. येत्या अर्थसंकल्पाच्या पत्रकार परिषदेत टॅबची संख्या लिहून झाली की तिसरीतली किती मुलं वाचतात, हा प्रश्न विचारावा. उत्तर मिळालं तर ते कोटींच्या आकड्याशेजारी छापा. नाहीच मिळालं तर 'माहिती उपलब्ध नाही' हे शब्दही त्याच चौकटीत, त्याच टायपात छापा आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा विचारा.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई